चौतीस ओव्या राहिल्या होत्या

पहिला दिवस : आळंदी

आतोबांची वही दोनशे पानी, निळ्या रेघांची. गेल्या गुढीपाडव्याला, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांनी ज्ञानेश्वरी हाताने उतरवून काढायला घेतली. रोज पाच ओव्या, पूजा आटोपली की, चहाच्या आधी. पहिल्या अध्यायाच्या २७५ ओव्या झाल्या, दुसऱ्याच्या ३७५ पैकी ३४१ झाल्या. श्रावणातल्या एका सकाळी पाचाऐवजी एकच ओवी लिहून ते उठले, ‘जरा पडतो’ म्हणाले, आणि दिवेलागणीच्या आत सगळं संपलं. त्या सकाळची ओवी ही :

जैसा निर्वातींचा दीपु । सर्वथा नेणे कंपु ।
तैसा स्थिरबुद्धि स्वस्वरूपु । योगयुक्तु ॥

वारा नसलेल्या जागी दिव्याची ज्योत हलत नाही, तशी ज्याची बुद्धी आपल्या ठायी स्थिरावली आहे तो. त्याखाली पान कोरं.

पौष लागल्यावर आत्या मला म्हणाली, “राहिलेल्या चौतीस मी लिहिते. पण घरी नको. नेवाशाला जाऊन लिहू. येतेस?”

मी लगेच हो म्हटलं. त्यात थोडा स्वार्थ होता. आतोबांच्या दहाव्याला घाटावर आत्या रडत होती, तेव्हा नात्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने तिला म्हटलं होतं, “तुम्ही ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या, तुम्ही रडायचं? आत्मा अमर आहे.” आत्याने पदराने डोळे पुसले आणि ती गप्प झाली. त्यानंतर येणारे-जाणारे ‘किती शांत राहिल्या’ असं तिचं कौतुक करत होते आणि माझ्या मनात ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं होतं. आत्मा अमर आहे हे मला खोटं वाटत नव्हतं. पण ते इतकं खरं असेल, तर त्याने माणसाचं रडणं का थांबवावं, हे मला कळत नव्हतं. पाच महिने मी ते वाक्य घोळवत होते.

आम्ही आधी आळंदीला गेलो. माउलींना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा आत्याचा नेम. जानेवारीतला साधा वार असल्यामुळे रांग फार नव्हती. समाधीवर डोकं टेकवून आत्या बाहेर आली आणि अजानवृक्षाखाली पारायणाला बसलेल्या बायकांच्या ओळीत जाऊन बसली. कोणी बाराव्या अध्यायात, कोणी अठराव्यात, प्रत्येकीचा सूर वेगळा. तरी त्याचा गलका होत नव्हता. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, म्हणजे १२९६ साली, ज्ञानदेव इथे समाधिस्थ झाले. वय एकवीस. हा आकडा लहानपणापासून ऐकलेला. पण माझा मुलगा आता तेवीसचा आहे, म्हणून या वेळी तो वेगळाच लागला.

संध्याकाळी इंद्रायणीकाठच्या सिद्धबेटावर गेलो. विठ्ठलपंतांची झोपडी इथे होती, असं परंपरा सांगते. संन्यास घेऊन पुन्हा संसारात आलेल्या माणसाची मुलं म्हणून या चार भावंडांना गावाने दूर ठेवलं. मुलांना पदरात घ्यावं म्हणून आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त स्वीकारलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता यांच्या वयांत दोन-दोन वर्षांचं अंतर. मुक्ताबाई तेव्हा किती लहान असेल!

ताटीच्या अभंगांची जागाही हीच मानतात. कोणीतरी काही टाकून बोललं, ज्ञानदेवांना ते लागलं आणि त्यांनी झोपडीची ताटी आतून लावून घेतली. बाहेर चार वर्षांनी धाकटी बहीण उभी राहून म्हणते :

योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा ।
विश्व रागें झालें वन्ही । संतें सुखें व्हावें पाणी ॥

आणि मग पालुपद : ताटी उघडा ज्ञानेश्वरा.

जग रागाने पेटलं तर संताने पाणी व्हावं. हे वाक्य शंभरदा ऐकलेलं आहे. त्या बेटावर, समोर मंदावलेली नदी असताना, मला त्याची दुसरी बाजू दिसली. ज्याने स्थितप्रज्ञाची लक्षणं सगळ्या मराठी मुलखाला समजावून सांगितली, त्यालाही एकदा दार लावून घ्यावंसं वाटलं. आणि मुक्ताबाई ‘तुला लागलंच कसं’ असं विचारत नाही. लागलं आहे हे ती धरूनच चालते. तिचं मागणं एवढंच की ताटी उघड. आपल्या संतांच्या कथेत हा प्रसंग कोणी गाळला नाही, उलट गात राहिले, याचं मला फार मोल वाटतं.

मी हे आत्याला बोलून दाखवलं. ती म्हणाली, “चल, अंधार पडतोय. धर्मशाळेत जेवणाची वेळ होईल.”

दुसरा दिवस : नेवासे

मरकळवरून नगर रस्त्याला लागलो तेव्हा धुकं होतं. नगरच्या पुढे, घोडेगाव सोडल्यावर, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांतून लोंबणारं वाढं, आणि पुढची ट्रॉली अर्ध्या रस्त्यात रुतलेली. आमचे ड्रायव्हरदादा गाडी बंद करून खाली उतरले, ट्रॉलीला हात लावायला गेले आणि वीस मिनिटांनी ऊस खात परत आले. ना हॉर्न, ना त्रागा.

आत्याला कठोपनिषद आठवलं. आत्मा रथात बसलेला, शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम आणि इंद्रियं म्हणजे घोडे. “सारथी असा हवा,” ती दादांकडे बघून म्हणाली. मग गाडी निघाली तसं तिने पुढचंही सांगितलं. गीतेतला ‘न जायते म्रियते वा कदाचित्’ हा श्लोक जवळजवळ त्याच शब्दांत कठोपनिषदात आहे. तिथे तो यमाच्या तोंडी येतो. नचिकेत नावाचा मुलगा यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो आणि तिसऱ्या वराला विचारतो : माणूस मेल्यावर कोणी म्हणतात तो असतो, कोणी म्हणतात नसतो, खरं काय ते सांग. यम त्याला हत्ती, घोडे, सोनं, दीर्घायुष्य सगळं देऊ करतो. मुलगा हलत नाही. म्हणजे आत्मा जन्मत नाही नि मरत नाही, हे उत्तर प्रश्न न विचारणाऱ्याच्या माथी मारलेलं नाही. हट्टाने विचारत बसलेल्याला, परत परत पारखून, मग दिलेलं आहे. घाटावरच्या त्या वाक्यात मला काय खटकलं होतं ते इथे थोडं उलगडलं.

नेवासे प्रवरेच्या काठी आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानदेवांनी जागेचा पत्ता दिला आहे, तो गोदावरीच्या कूलाचा, पंचक्रोश क्षेत्राचा, आणि ‘जेथ जगाचें जीवसूत्र श्रीमहालया असे’ असा. ही महालया म्हणजे गावातलं मोहिनीराज. आम्ही तिथे आधी दर्शन घेतलं आणि मग पैस खांबाकडे गेलो.

करवीरेश्वराचं जुनं देऊळ आता नाही. उरला तो एक दगडी खांब, आणि आज उभं असलेलं मंदिर त्या खांबाभोवती बांधलेलं आहे. गाभाऱ्यात मूर्ती असते तिथे खांब, त्याला हार, त्याला बुक्का. याच खांबाला पाठ टेकून ज्ञानदेवांनी गीता मराठीत सांगितली. पैस म्हणजे ऐसपैस, विस्तीर्ण. खांबावर अक्षरं कोरलेली आहेत आणि तो लेख आहे देवापुढच्या दिव्याला लागणाऱ्या तेलाच्या दानाचा. आत्याला हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तशी ती खांबापुढे जरा जास्त वेळ थांबली. दिवा नुसता वाऱ्यापासून जपून चालत नाही, त्याला कोणीतरी रोज तेल घालावं लागतं, असं ती पुटपुटली. माझ्याशी नव्हे.

तिथे रोज येणारे एक म्हातारे गृहस्थ मंडपात बसले होते. आम्ही वही घेऊन आल्याचं पाहून त्यांनी आपणहून सच्चिदानंदबाबांची कथा सुरू केली आणि माझा जीव खालीवर झाला. ती कथा मला माहीत होती. नेवाशातल्या सच्चिदानंदांचा देह पडला होता, बायको सती जायला निघाली होती, वाटेत तिने ज्ञानदेवांना नमस्कार केला, त्यांच्या तोंडून अखंड सौभाग्याचा आशीर्वाद गेला आणि सच्चिदानंद उठून बसले. तेच पुढे ज्ञानेश्वरीचे लेखक, म्हणजे ती लिहून घेणारे, झाले. अठराव्या अध्यायाच्या शेवटी शब्द आहेत :

शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।
सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥

शके १२१२, म्हणजे १२९० साल. सांगणारा पंधरा वर्षांचा.

आत्याने कथा शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, “बाबा पुढे किती वर्षं जगले हो?”

गृहस्थांना ते सांगता येईना.

“म्हणजे नंतर तेही गेलेच,” आत्या म्हणाली. “पण लिहून झाल्यावर.” आणि तिने मांडीवर वही उघडली.

ती लिहीत असताना मी शेजारी बसून दुसरा अध्याय पहिल्यापासून वाचला. चोपन्नाव्या श्लोकापाशी अडले. तिथे अर्जुन स्थितप्रज्ञाबद्दल विचारतो. त्याला व्याख्या पुरत नाही. तो विचारतो, असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. रणांगणावर उभ्या असलेल्या शिपायाचा प्रश्न आहे हा. मला असा माणूस ओळखता आला पाहिजे, म्हणतो. पुढचे अठरा श्लोक भगवंत त्याचं उत्तर देतात.

त्यात कासवाचा दृष्टान्त येतो. गीतेचा श्लोक एवढंच म्हणतो की कासव जसं सगळीकडून आपले अवयव आत ओढून घेतं, तसा तो विषयांपासून इंद्रियं आवरतो. शाळेत असताना मला हा दृष्टान्त आवडत नसे. पाठीत मान घालून बसलेलं ते शहाणपण मला घाबरटासारखं वाटायचं. ज्ञानदेव काय करतात पाहा :

कां कूर्म जियापरी । उवाइला अवेव पसरी ।
ना तरी इच्छावशें आवरी । आपुले आपण ॥

उवाइला म्हणजे खुशीत आलेला. कासव खुशीत असलं की हातपाय पसरतं, वाटलं की आवरून घेतं, दोन्ही आपल्या इच्छेने. पसरण्याची ही अर्धी ओळ मूळ श्लोकात नाही, ती ज्ञानदेवांनी घातली. मला वाटतं, या एका ओळीत त्यांनी शांतपणाचा अर्थ बदलून टाकला. शांत माणूस म्हणजे आखडलेला माणूस नव्हे. ज्याला मोकळं होता येतं आणि आवरताही येतं, तो. माझ्या ओळखीच्या ‘शांत’ म्हणवणाऱ्या निम्म्या माणसांना फक्त आवरता येतं.

आणि त्याच्या थोडं पुढे ती प्रसिद्ध उतरंड आहे : विषयांचं चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृती ढळते, बुद्धी जाते, आणि माणूस जातो. विषय म्हणजे खाणंपिणं, पैसा, मोह असंच मी आजवर धरलं होतं. त्या मंडपात कळलं की लागलेलं एक वाक्य हासुद्धा विषय होतो. मी पाच महिने त्याचंच ध्यान करत होते. आत्याला ते वाक्य ऐकावं लागलं म्हणून मी रागावले होते, असं स्वतःला सांगत होते. पण आत्या वही लिहीत होती, आणि घोळवत होते ती मी.

दिवसभरात तिच्या बारा ओव्या झाल्या. त्यात नावेची ओवी आली. नाव काठाला लागता लागता वादळात सापडली, तर टळलेलं संकट पुन्हा ओढवतं. “हे लिहिताना हात थांबला बघ,” ती म्हणाली. “काठाला आल्यावर माणूस वल्हं सोडतो ना, तेव्हाच.” अक्षर तिचं आतोबांपेक्षा मोठं आहे. वहीत दोन अक्षरांची शिवण स्पष्ट दिसते.

तिसरा दिवस : प्रवरासंगम आणि पैठण

सकाळी थंडी कडाक्याची. आत्याने पिशवीतून आतोबांचा करडा स्वेटर काढला आणि साडीवर चढवला. बाह्या दोनदा दुमडाव्या लागल्या.

प्रवरा गोदावरीला मिळते तिथे घाटावर दोन घरची दशक्रिया चालू होती. एका बाजूला पंचविशीतला मुलगा, नुकतं मुंडण केलेला, पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघत उभा. त्याच्या खांद्यावर हात ठेवून कोणीतरी म्हणत होतं, “कपडे बदलतो ना आपण, तसंच असतं ते.” मुलगा मान डोलावत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

मी आत्याला विचारलंच. वासांसि जीर्णानि हा श्लोक मला कधीच पूर्ण पटलेला नाही. माउलींची ओवी तर किती गोड आहे :

जैसें जीर्ण वस्त्र सांडिजे । मग नूतन वेढिजे ।
तैसें देहांतरातें स्वीकारिजे । चैतन्यनाथें ॥

पण वस्त्र जीर्ण असेल तर. तरण्या माणसाचं काय? त्या मुलाचा बाप पन्नाशीचा असेल. एकविसाव्या वर्षी समाधी घेणाऱ्याचं वस्त्र कुठे जीर्ण झालं होतं?

आत्या बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “जीर्ण झालं की नाही हे नेसणाऱ्याला ठाऊक. आपण बाहेरून बघतो ते कापड.” आणि जरा थांबून, “पण हे मला कळतंय म्हणून त्या पोराला आत्ता सांगायला मी जाणार नाही.”

मग मी आतोबांच्या दहाव्याला ऐकलेल्या त्या वाक्याचा विषय काढला. तिला ते आठवत असेल याचीच मला खात्री नव्हती. तिला चांगलं आठवत होतं.

“खोटं नव्हते बोलले ते,” ती म्हणाली. “घाईत बोलले. अगं, भगवंतांनीसुद्धा आधी अर्जुनाचं सगळं ऐकून घेतलं. पहिला अध्याय अख्खा त्याचाच आहे. त्याचे हात कापतात, तोंडाला कोरड पडते, गांडीव गळून पडतं. तेवढ्यात देव बोलतात किती? पार्था, हे जमलेले कौरव बघ, एवढंच. बाकी गप्प. यांच्या वहीत बघ, आधी २७५ ओव्या त्या दुःखाच्या आहेत, मग आत्मा.”

आधी विषाद आणि मग सांख्य. इतकी वर्षं अध्यायांची नावं पाठ आहेत आणि हा क्रम मी कधी क्रम म्हणून पाहिला नव्हता. दुसऱ्या अध्यायात उपदेशाला सुरुवात करतानाही श्रीकृष्ण ‘प्रहसन्निव’, हसल्यासारखं करत बोलतात. दटावणीच्या आतही मैत्री आहे. हे सगळं वगळून नुसता ‘नैनं छिन्दन्ति’ उचलला, की त्याचा दगड होतो.

“मग तू नंतर रडली नाहीस ती?” मी विचारलं.

“रडते की. सकाळी आंघोळीचं पाणी तापेपर्यंत. येतं, जातं. आगमापायी म्हटलंय ना? आलं की येऊ देते. पाणी तापलं की उठते.”

त्या पाच महिन्यांत आम्ही सगळ्यांनी तिला शांत म्हणून एका कोपऱ्यात नेऊन ठेवलं होतं आणि कोणी हे विचारलं नव्हतं. मीही नाही.

पैठणला पोचायला दुपार झाली. सातवाहनांचं प्रतिष्ठान वगैरे बघायला आमच्याकडे वेळ नव्हता, आणि खरं तर मनही. गावातल्या संत एकनाथांच्या वाड्यात गेलो. श्रीखंड्याने, म्हणजे नाथांघरी राबलेल्या श्रीकृष्णाने, पाणी भरलेला म्हणतात तो रांजण पाहिला, आणि मग गोदावरीकाठच्या समाधीवर बसलो.

इथे येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट आठवते. नाथ नदीवरून स्नान करून येत, वाटेत एक जण त्यांच्या अंगावर थुंकत असे, नाथ मागे फिरून पुन्हा स्नान करीत, असं एकशे आठ वेळा. अखेर तो माणूसच पायावर आला. सहनशीलतेची कमाल म्हणून ही गोष्ट सांगतात. आत्या म्हणाली, “एकशे आठ हा आकडा लोकांनी मोजला गं. नाथ मोजत असते तर विसाव्यालाच भांडण झालं असतं.” दुःखेषु अनुद्विग्नमनाः, दुःखात ज्याचं मन डहुळत नाही असा, या गीतेतल्या दोन शब्दांचं याहून नेमकं विवरण मी ऐकलेलं नाही. सोसणारा मोजत असतो. नाथ प्रत्येक वेळी पहिल्यांदाच नदीवर जात असावेत.

नाथांचं आणखी एक मोठं काम आहे आणि आत्याच्या दृष्टीने तेच खरं मोठं. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत चुका शिरल्या होत्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी ती प्रत शुद्ध केली. आणि पुढच्यांना बजावून ठेवलं की यात कोणी स्वतःची ओवी घालील तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. आज आपण जी ज्ञानेश्वरी वाचतो ती त्यांच्या हातून आलेली आहे.

त्या समाधीपाशी आत्याने वहीचं आतोबांचं शेवटचं पान उघडलं. ‘सर्वथा नेणे कंपु’ इथे त्यांनी ‘कंप’ लिहिलं होतं. उकार राहिला होता. मी म्हटलं, “राहू दे आत्या. त्यांच्या हातचं आहे, शेवटचं.” माझा आवाजही जरा चढला असेल. ते अक्षर तसंच राहावं असं मला आतून वाटत होतं.

तिने माझ्याकडे बघितलं, पेनाचं टोपण काढलं आणि ‘प’खाली उकार दिला. “त्यांना चाललं नसतं,” म्हणाली. “लक्षात आलं असतं तर त्यांनीच दिला असता.”

मला रडू आलं. ती माझ्या पाठीवर हात फिरवत बसली. काही बोलली नाही.

उन्हं कलताना नाथसागरावर गेलो. जायकवाडीच्या धरणाला सत्तावीस दरवाजे आहेत. सगळे बंद होते आणि पाणी क्षितिजापर्यंत. लांब उथळात पक्ष्यांची पांढरी-गुलाबी ओळ. आत्याने गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून उभ्यानेच लिहायला घेतलं, कारण ती ओवी तिला इथेच लिहायची होती :

जरी सरितावोघ समस्त । परिपूर्ण होऊनि मिळत ।
तरी अधिक नोहे ईषत् । मर्यादा न संडी ॥
ना तरी ग्रीष्मकाळीं सरिता । शोषूनि जाती समस्ता ।
परी न्यून नव्हे पार्था । समुद्रु जैसा ॥

सगळ्या नद्या भरून येऊन मिळाल्या तरी समुद्र तसूभर वाढत नाही, उन्हाळ्यात सगळ्या आटल्या तरी उणा होत नाही.

ड्रायव्हरदादा मराठवाड्यातलेच. ते धरणाकडे बघून म्हणाले, “आमच्याकडे पावसाळ्यात सकाळी उठलं की पहिलं हेच विचारतात. जायकवाडी किती टक्के?” ते बोलले आणि मला माझं मन दिसलं. नाव सागर, पण आहे धरण. भिंतीवर खुणा. आज किती भरलं, काल किती होतं, कोण बोललं, कोण नाही बोललं. भरलं की दरवाजे उघडायची घाई, आटलं की हाकाटी. मी रोज सकाळी स्वतःला टक्केच विचारते. धरणाने हे करायलाच हवं, लाखो माणसं त्या पाण्यावर जगतात. पण गीता ज्याच्याबद्दल बोलते तो हा साठा नव्हे. समुद्राला पाणी साठवायचं नसतं, म्हणून त्याला मोजायचंही नसतं. आत्मा अमर आहे या वाक्याचा माझ्या जगण्याशी काही संबंध असेल, तर तो इथे कुठेतरी असणार. माझ्यात असं काही आहे की जे टक्क्यांत नाही. तिथवर मला पोचता येत नाही. पण त्या संध्याकाळी, एवढं पाणी डोळ्यांसमोर असताना, ते असावं असं वाटलं.

चौथा दिवस : आपेगाव

आपेगाव पैठणपासून जवळ, गोदावरीच्याच काठी. विठ्ठलपंतांचं मूळ गाव. मंदिरात आम्ही पोचलो तेव्हा काकडा होऊन गेला होता आणि एक बाई अंगण झाडत होत्या. त्यांनी आत्याला बसायला पाट आणून दिला.

राहिलेल्या सहा ओव्या. आत्या सावकाश लिहीत होती, मी प्रत धरून वाचून दाखवत होते. अध्यायाच्या शेवटी ज्ञानदेव समारोप करत नाहीत. आता पुढे अर्जुन प्रश्न विचारील, तो प्रसंग फार सुंदर आहे, विवेकामृताचा तो अपार सागर आहे, असं सांगून ते श्रोत्याला पुढच्या अध्यायाच्या उंबऱ्यावर आणून सोडतात :

जो आपणपें सर्वज्ञनाथु । निरूपिता होईल श्रीअनंतु ।
ते ज्ञानदेवो सांगेल मातु । निवृत्तिदासु ॥

‘निवृत्तिदासु’ लिहून आत्याने दोन दंड दिले. खाली ओव्यांची संख्या घातली, ३७५. आतोबांनी पहिल्या अध्यायाखाली तारीख घातली होती, तशी तिनेही घातली. मग वही बंद करील असं मला वाटलं, तर तिने पान उलटलं आणि वर मधोमध लिहिलं, अध्याय तिसरा.

“किती ओव्या आहेत गं तिसऱ्यात?”

मी प्रत चाळून सांगितलं, २७६.

तिने वहीची उरलेली पानं अंगठ्याने मोजली. “वाटेत नगरला थांबू. आणखी एक दोनशे पानी घ्यावी लागेल. निळ्या रेघांचीच बघ.”

झाडणाऱ्या बाईंनी चहा आणला. आत्याने आधी चार ओव्या लिहिल्या, पाचवी लिहिली, आणि मग कप उचलला.